कानानं टाकायचा गिअर

तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून आन्सेल्मो शीळ यायची वाट पाहत होता. रुळांच्या बाजूचं वळण मागे पडलं होतं. पुढे सरळ मातीचा पट्टा, आणि त्याच्यापुढे फक्त एक लाल रेनो. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या. त्याच्या फियाटचं इंजिन ताणत गेलं, की घरघरीच्या वर एक बारीक, सुईसारखी शीळ चढायची. ती चढली, की क्लच दाबायचा आणि चौथा टाकायचा. त्याआधी टाकला तर गाडी मरगळते, नंतर टाकला तर इंजिन फाटतं. तीस वर्षं तो याच शिळेवर गिअर टाकत आला होता. आरपीएमचा काटा त्यानं कधीच काढून टाकला होता आणि त्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला होता. "काटा बहिऱ्यांसाठी असतो," हे त्याचं वाक्य विया कासाल गावात सगळ्यांना पाठ होतं.

शीळ आली नाही. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. अजून थोडं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं पाय तसाच दाबून धरला. मग सीटखालून एक दणका बसला, पायांवर ऊब आली आणि काच पांढऱ्या धुरानं भरून गेली.

गाडी गवतात घरंगळत थांबली. तो हेल्मेट काढतो न काढतो तोच गावच्या रेडिओवरचा तितो मायक्रोफोन घेऊन त्याच्या तोंडाशी आला. नेस्तोर, त्याचा मिस्त्री, आग विझवायचं लाल नळकांडं काखेत मारून तारेच्या कुंपणाकडून धावत येत होता.

"काय झालं, आन्सेल्मो? जिंकलेली शर्यत होती!"

आन्सेल्मोनं कपाळावरचा घाम पुसला. काय झालं ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

"इंजिनानं दगा दिला," तो म्हणाला. "नेस्तोरनं व्हॉल्व्हना कसल्या स्प्रिंगा घातल्यात देव जाणे."

खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून ते वाक्य मैदानभर गेलं. मांस भाजत बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. नेस्तोर दहा पावलांवर थबकला. त्यानं नळकांडं खाली ठेवलं, गाडीजवळ आला आणि दोरखंड बांधायला वाकला.

दोन वर्षांपूर्वी रोसारिओ शहरातल्या कानाच्या डॉक्टरबाईंनी आन्सेल्मोला एक कागद दिला होता. बारीक, उंच आवाज आधी जातात, बाकीचे सावकाश जातात, असं त्या म्हणाल्या होत्या. घरी येऊन त्यानं बायकोला, एल्विराला सांगितलं होतं, "कानात मळ होता, काढला." तेव्हापासून तो समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलायला शिकला होता. शर्यतीत आठवणीवर गिअर टाकत होता. वळणाचं झाड कुठे येतं, पोटात केवढा हिसका बसतो, त्यावरून. बऱ्याचदा ते जमून जायचं.

बुधवारी दुपारी एल्विरा बाजारातून आली आणि पिशवी टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसली.

"नेस्तोरचं तोंड बघवत नव्हतं आज. बेकरीत कुणीतरी त्याला 'काय स्प्रिंगवाले' म्हणून हाक मारली. सगळे हसले."

आन्सेल्मोनं 'माते' या कडवट चहाच्या नळीतून एक घोट घेतला. पाणी गार झालं होतं.

"आणि बेकरीवाल्यानं स्वतःचा टेम्पो नेस्तोरच्या गॅरेजमधून उचलून शेजारच्या गावात नेला. तुझ्या त्या एका वाक्यावर. खरंच स्प्रिंगा खराब होत्या का रे?"

"मला काय माहीत? मी चालवणारा."

 एल्विरा उठली आणि तिनं कांदे निवडायला घेतले.

गुरुवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गेला. नेस्तोरनं इंजिनाचं हेड उघडून टेबलावर उताणं ठेवलं होतं. चारही पिस्टन ओळीनं पुसून मांडले होते. त्यांतल्या दोनांवर नखानं ओरखडल्यासारखे अर्धचंद्र उमटले होते.

"ये," नेस्तोर म्हणाला. "बघायला आलास ना? बघ. व्हॉल्व्हांनी पिस्टनला चावे घेतलेत. स्प्रिंगा नव्या आहेत, हात लावून बघ. इंजिन केवढं ताणलंय हे मला कुणी सांगायला नको."

आन्सेल्मोनं हात लावला नाही.

"मला एवढंच कळत नाही," नेस्तोर पुढे म्हणाला, "मी तुला सुटायच्या रेषेवर सांगितलं होतं. खिडकीत डोकं घालून सांगितलं होतं, की इंजिन नुकतंच बांधलंय, अजून कोरं आहे, आज चौथा जरा लवकर टाक. तू अंगठा वर केलास, आणि मग मुद्दाम ताणलंस. वर लाउडस्पीकरवर माझी अब्रू काढलीस. का रे? मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

आन्सेल्मोला खिडकीतलं डोकं आठवत होतं. तोंडावर मफलर होता. डोळे हसल्यासारखे वाटले, म्हणून त्यानं अंगठा वर केला होता.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"बावीस गाड्या घोंघावत होत्या, कबूल. पण मग अंगठा..."

"तसं नाही, नेस्तोर. मला ऐकूच येत नाही. इंजिनाची शीळ येत नाही. दोन वर्षं झाली."

नेस्तोरनं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.  आन्सेल्मो वाट पाहत होता. शिव्या येतील, नाहीतर खांद्यावर हात येईल. दोन्हींची त्याला सारखीच भीती वाटत होती.

"दोन वर्षं," नेस्तोर म्हणाला. "म्हणजे मार्चमध्येही."

"मार्चमध्ये काय?"

"नोएलिया."

ती धान्य सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावर काम करायची. बापाची छोटी पिवळी गाडी घेऊन शर्यतीत उतरलेली गावातली पहिलीच मुलगी. मार्चच्या शर्यतीत दुसऱ्या वळणावर तिची गाडी आन्सेल्मोच्या दारावर आदळली होती. मी आधीच त्यांच्या बाजूला पोचले होते, तेच माझ्यावर वळले, असं ती शर्यतीच्या समितीपुढे सांगत राहिली. आन्सेल्मोनं सांगितलं होतं, बाजूला कुणी नव्हतं, पोरगी मागून घुसली. समितीनं दोन मिनिटांत निकाल दिला. आन्सेल्मोच्या बाजूला गाडी येते आणि त्याला कळत नाही, हे कसं शक्य आहे? तिला वर्षभर बंदी झाली.

आन्सेल्मो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, तिथे कुणी नव्हतं.

"तिच्या गाडीचं ते किरकिरं इंजिन," नेस्तोर सावकाश म्हणाला, "अर्ध्या गावाला ऐकू जातं."

आन्सेल्मो जवळच्या टायरवर बसला. 

"मी लोकांना सांगेन," तो म्हणाला, "की चूक तुझी नव्हती. आजच तितोकडे जातो."

"माझं राहू दे. माझ्याकडे टेम्पो परत येईल नाहीतर दुसरा येईल. आधी तिकडे जा."

वजनकाट्यापाशी सोयाबीनच्या ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर पावत्या हातात घेऊन खिडकीपुढे उभे होते, एकमेकांची टिंगल करत होते. आन्सेल्मो शेवटी जाऊन उभा राहिला.

"काय आन्सेल्मो, फियाट विकून ट्रक घेतलास?" पुढच्यानं वळून विचारलं. आन्सेल्मो नुसता हसला. पुढे हो म्हणून त्यांनी त्याला वाट करून दिली, तरी तो पुढे गेला नाही. नंबर येईपर्यंत उभा राहिला, तोवर त्याच्या मागेही रांग लागली.

काचेपलीकडे नोएलिया खाली मान घालून आकडे लिहीत होती. तिनं मान वर न करताच काहीतरी विचारलं.

नेहमीसारखं मान डोलवून वेळ मारून नेता आली असती.

"मोठ्यानं बोल पोरी," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

मागची बडबड थांबली. आपण किती मोठ्यानं बोललो ते त्याला समजलं नाही, पण नोएलियानं पेन ठेवलं, उठून काच सरकवली आणि ती त्याच्याकडे बघायला लागली.

"आन्सेल्मोकाका? काय म्हणालात?"

त्यानं तिला दुसऱ्या वळणाबद्दल सांगितलं. डॉक्टरांच्या कागदाबद्दल सांगितलं. समितीपुढे आपण काय बोललो, आणि तिचं कुणी का ऐकलं नाही, तेही. शब्द सुचत नव्हते, तिथे तो थांबत होता आणि पुन्हा बोलत होता. मागून कुणी घाई केली नाही.

त्याचं बोलून झालं. नोएलिया खिडकीच्या लाकडी फळीवर दोन्ही हात टेकून उभी होती. तिचे ओठ थरथरत हलले.

त्याला काहीच कळलं नाही.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिनं श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या ट्रकपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,

"मी तिथे होते."

"होतीस," आन्सेल्मो म्हणाला.