येणे बाकी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्यांना सुट्टी असते. मला ती कधी मिळाली नाही. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरात, जिना संपतो तिथे, दाराच्या अगदी समोर मी टांगलेला होतो. घरात शिरणाऱ्याला आधी मी दिसायचो आणि मग बाई. त्यामुळे माझ्या अंगात थोडी घमेंड आहे, तेवढी सांभाळून घ्या.

जन्माने मी कपाटाचे दार. कपाट मोडकळीला आले, तेव्हा बाईंच्या थोरल्या बहिणीने एक दार वाचवले. तिला सगळे ताई म्हणत. सुताराने माझ्या बिजागऱ्या काढल्या, रंधा मारला, काळा रंग चढवला आणि पांढऱ्या रंगाने उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. वरच्या ओळीत वार, कडेला वेळा आणि मधे चौकोन. एक चौकोन म्हणजे एक तास. काम संपल्यावर सुतार म्हणाला, "ताई, हा तुम्हाला जन्मभर पुरेल बघा." ताई म्हणाल्या, "माझ्या जन्माचं राहू दे, आधी याचा रंग वर्षभर टिकतो का ते बघू."

रंग टिकला आणि माझे काम सुरू झाले. चौकोनाचौकोनात मुलांची नावे आली. तुम्हाला वाटेल, नावे लिहायची, त्यात काय एवढे? पण कोणाचे मंगळवारी पोट दुखे, कोणाला शुक्रवार हवा असे, कोणाची आई जिन्यातूनच ओरडे, "बाई, आजचा तास उद्या केला तर चालेल का?" एक नाव हलले की त्याच्या धक्क्याने चार नावे हलत. बाईंना नाही म्हणता येत नसे. मग ताई ओल्या फडक्याने मला पुसत, पुन्हा लिहीत आणि पुसता पुसता पुटपुटत, "ही मुलं शिकवणीला येतात की मला नाचवायला?"

बाईंची आणखी एक अडचण होती. त्या मुलांची वाकडी बोटे सरळ करत, ठोकळ्यासारख्या मुलाला तालात आणत, पण फी मागायची म्हटली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. महिने उलटत आणि बाई नुसत्या हसत. शेवटी ताईंनीच तोड काढली. प्रत्येक नावाखाली त्या एक बारीक शब्द लिहू लागल्या. फी मिळाली की 'जमा', आणि मिळायची असली की 'येणे'. हा हिशेबातला शब्द आहे, मित्रांनो. जे पैसे आपल्याला यायचे असतात, त्यांना येणे म्हणतात. आता कोणी कोणाला मागायची गरजच उरली नाही. आईबाप दारातून आत येत, मला बघत आणि हात आपोआप खिशाकडे जाई. गल्लीतल्या शिवणवर्गाच्या बाई मला मुद्दाम बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हा फळा कसला, हा तर मुनीम आहे!" त्या दिवशी मी खिळ्यावर जरा ताठच लटकलो होतो.

गुरुवारचा संध्याकाळचा तास भिंगरीचा होता. पियानोपुढचे स्टूल गोल फिरणारे होते. ही मुलगी त्यावर बसली की आधी एक गरकन गिरकी घेई आणि मगच पट्ट्यांवर हात ठेवी. बाईंनी तिला कितीदा दटावले, पण दटावताना त्यांना हसू येई. म्हणून तिचे नाव भिंगरी पडले आणि माझ्यावरही तेच लिहिले गेले. तिच्या वडिलांचे चष्म्यांचे दुकान होते. माणूस सरळ, पण विसरभोळा. दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या या गृहस्थांना फीची तारीख मात्र कधी दिसत नसे. म्हणून भिंगरीच्या नावाखाली महिनोन् महिने तोच शब्द असे. ताई तो पुसत आणि पुन्हा तिथेच, आणखी जोर काढून लिहीत. त्यांचा राग खडूत उतरे आणि खडू माझ्या लाकडात.

मग मुलांची मोठी सुट्टी आली आणि संपली. सुट्टीनंतरच्या पहिल्या गुरुवारी भिंगरी आली नाही. बाई दार उघडे ठेवून बसल्या होत्या. तास संपत आला तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "यायचं नव्हतं तर कळवायचं तरी! दुसऱ्या कोणाला दिला असता तास." पुढच्या गुरुवारीही तेच झाले. बाई कधी नव्हे त्या खरोखरच चिडल्या. "येऊ दे आता, चांगली कानउघाडणी करते," असे त्या म्हणाल्या. ताईंनी नावाखालचा 'येणे' पुन्हा एकदा गिरवला.

त्यानंतर दुसऱ्या एका मुलाची आई त्याला सोडायला आली आणि जिन्यातच थांबून हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्हाला कळलं नाही का?" भिंगरीला सुट्टीत ताप आला होता. तो उतरलाच नाही. बाई चिडून दाराकडे बघत बसल्या होत्या, त्या पहिल्या गुरुवारच्या आधीच ती गेली होती.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी त्या मुलाचा तास नीट घेतला, त्याला निरोप दिला आणि मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "ताई," त्या म्हणाल्या, "मी रागावले गं तिच्यावर. ती नव्हतीच, आणि मी रागावत बसले होते." ताईंनी फडके उचलले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला. नाव तसेच राहिले आणि नावाखालचा शब्दही.

तेव्हापासून दर गुरुवारी बाई दार उघडे ठेवू लागल्या. त्या शिकवताना बसत तशाच, स्टुलाशेजारच्या खुर्चीवर बसत. स्टूल रिकामे असे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आणि फळ्याने ठेवूही नये. पण खरे तेच सांगतो. रस्त्यावरून एखादी जड गाडी गेली की घर हादरे, आणि ते स्टूल जागच्या जागी किंचित फिरे. बाई श्वास रोखून त्याकडे बघत. गाडी लांब गेली तरी बघत राहत. मला भीती वाटे, मित्रांनो. स्टुलाची नव्हे, बाईंची.

मुलांना हिशेबातले शब्द कुठून कळणार? ती मला सरळ वाचत. वर लिहिले होते 'भिंगरी' आणि खाली 'येणे'. भिंगरी गेली हे त्यांना घरी कळले होते, आणि ती येणार हे माझ्यावर लिहिलेले होते. जिन्यात कुजबुज सुरू झाली. गुरुवारी भिंगरीच्या पुढचा तास ज्या मुलाचा होता, तो खालच्या पायरीवरच रडू लागला आणि वर येईना. मग एकाची परीक्षा आली, एकीला हे घर लांब पडू लागले, एकाला अचानक पोहण्याची आवड लागली. माझे चौकोन एकेक करून रिकामे झाले. ताई हिशेब करत आणि कपाळाला हात लावत. "असंच चाललं तर पियानो विकावा लागेल," त्या म्हणाल्या. "मग काय टेबल वाजवून शिकवणार आहेस?"

एक दिवस एका चिमुरड्या मुलीने ताईंना विचारले, "ताई, भिंगरी कधी येणारे?"

"तुला कोणी सांगितलं ती येणारे म्हणून?"

"तुम्हीच तर लिहिलंय. ये-णे."

ताईंच्या हातातला खडू खाली पडला. मूल घरी गेल्यावर त्यांनी बाईंना विचारलेही नाही. ओले फडके घेतले आणि तो चौकोन खसाखसा पुसला. मी काळाभोर झालो. पण पाणी सुकले, आणि त्याच जागी तो शब्द हळूहळू पांढुरका होऊन वर आला. नाव गेले होते आणि येणे राहिले होते. ताईंनी साबण लावला. मी सुकलो, आणि तो पुन्हा आला.

बाई आतून आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. "तू लिहिलंस?"

"मी कशाला लिहीन? मी पुसतेय केव्हाची!"

"मग कोणी?"

ताई पुन्हा फडके पिळू लागल्या. मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, हे कोणी लिहीत नाही, हा ताईंचाच जुना खडू आहे, तो माझ्यात रुतून बसला आहे. पण फळ्याला फक्त त्याच्यावर लिहिलेलेच बोलता येते. आणि माझ्यावर तेवढा एकच शब्द होता.

पुढच्या गुरुवारी, त्याच तासाला, जिन्यात पावले वाजली. बाई ताडकन उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला पुन्हा बघायचे नाही. दारात भिंगरीचे वडील उभे होते. हातात पाकीट होते. ते काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. दिवसभर लोकांकडून अक्षरे वाचून घेणारा तो माणूस त्या दोन अक्षरांशी कितीतरी वेळ अडून राहिला.

ताई लगबगीने पुढे आल्या. "अहो, ते पैशांचं आहे. म्हणजे ते..." आणि त्या थांबल्या. ताईंनी वाक्य अर्धे सोडलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"माहितीये ताई," ते म्हणाले. "दुकानात मीही हेच लिहितो. फी द्यायलाच आलो होतो." मग त्यांनी पाकीट परत खिशात घातले. "पण राहू दे आज. दिली की तुम्ही हे पुसाल."

ते दाराशेजारच्या बाकावर बसले. खाली बघत बोलू लागले. "शाळेत सांगितलं. शेजारी सांगितलं. दवाखान्यात चार कागदांवर सह्या केल्या. फक्त इथं सांगायला जमलं नाही. गुरुवार आला की वाटायचं, तिथं कोणाला माहीत नाही. तिथं बाई दार उघडं ठेवून बसल्या असतील. म्हणजे तेवढ्या एका घरात तरी ती अजून यायचीच आहे." बाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तास संपेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. पाकीट खिशात असे आणि खिशातच परत जाई. ते बाकावर, बाई खुर्चीवर, आणि दोघांच्या मधे ते स्टूल. दुकान त्या वेळी बंद राही. त्यांचा चेहरा आठवड्यागणिक ओढत चालला होता, आणि बाईंचाही. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत. जिवंत माणसे अशी बसलेली बघून मलाही गार पडल्यासारखे वाटे. शिकायला येणारी मुले आता मोजकीच उरली होती, आणि तीही गुरुवार टाळत.

एका गुरुवारी बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. त्या येऊन बाकासमोर उभ्या राहिल्या. हात पदरात गुंडाळलेले होते.

"तुमची फी द्यायची राहिलीय," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. उभ्या आयुष्यात बाईंनी कोणाकडे पैसे मागितले नव्हते.

भिंगरीच्या वडिलांनी मान वर केली. "आज नको, बाई."

"आजच द्या. हा तास मला दुसऱ्या कोणाला तरी द्यायचाय."

"कोणाला?"

"अजून कोणी नाही."

"मग घाई कसली एवढी?" त्यांचा आवाज चढला होता.

"घाई नाहीये," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही अजून मला कळवलेलं नाही. सगळ्या मुलांचे आईवडील कळवतात. तुम्हीही कळवा. मी ऐकतेय."

मग ते उठून उभे राहिले. दारात उभे राहून इतर आईबाप सांगतात तसेच, सरळ आणि अदबीने, त्यांनी सांगितले, "बाई, आमची मुलगी आता तासाला येणार नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते. "कळवलंत, बरं झालं."

तेव्हा कुठे तो माणूस रडला. ताई बाहेर आल्या. त्यांनी पाकीट घेतले, पैसे मोजले आणि उरलेले सुटे पैसे त्यांच्या हातावर ठेवले, जसे त्या सगळ्यांच्या हातावर ठेवत तसेच.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. त्याने मला खरवडले, पॉलिश पेपरने घासले आणि नवा काळा रंग दिला. फार दुखले, पण मी ब्र काढला नाही. काही मुले परत आली, काही नाही आली. गुरुवारचा तास एका निवृत्त पोस्टमनने घेतला. बोटे जाड, चुका ढीगभर, पण फी आगाऊ. ताईंना तो विद्यार्थी सगळ्यात जास्त आवडला. पियानो विकावा लागला नाही.

आता बाईंचे वेळापत्रक फोनमध्ये असते. मी जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि माझ्या खिळ्यावर कोणीतरी छत्री अडकवते. येणाऱ्याजाणाऱ्याची पावले तेवढी ऐकू येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्हीही कोणाकडे काही शिकायला जात असाल. फी वेळेवर द्या, कारण मागताना समोरच्याची जीभ अडखळते. आणि येणार नसाल तर कळवा. कंटाळा आला असेल तरी कळवा, खोटे कारण सांगितलेत तरी चालेल. बाईंनी असली सगळी कारणे ऐकली आहेत आणि त्यासाठी एकाही मुलावर त्या मनापासून रागावलेल्या नाहीत. त्या रागावल्या ते फक्त त्या न कळवलेल्या तासांवर, आणि तो राग त्यांना परत घेता आला नाही. भिंगरीला कळवता आले नाही. तुम्हाला येते.