औषध म्हणून आणलेली सून

"मुलीचं नाव काय म्हणालास?"

आदेशने पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "वैशाली."

"आणि वैशालीला माहीत हाय?"

"नाय आपा. तिला कसं सांगू?"

नफिसाने हातातलं पेन टेबलावर आपटलं. तो आवाज तिचा तिलाच मोठा वाटला.

पेणच्या एस.टी. स्टँडमागे, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर ही खोली होती. बाहेर पाटी नव्हती, ती मुद्दामच लावलेली नव्हती. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांसाठी देशभर झगडणाऱ्या, कोर्टकचेऱ्या करणाऱ्या, घरातून हाकललेल्यांना आसरा देणाऱ्या दिल्लीच्या एका संस्थेने ती भाड्याने घेतली होती. रायगड जिल्ह्यातून कुणी संस्थेला फोन केला की तो इथे वाजायचा आणि रोह्याहून रोज येणारी नफिसा तो उचलायची. आदेश खांब गावचा. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा. गेले काही महिने तो फोनवर नाव न सांगता बोलत होता. आज पहिल्यांदाच समोर येऊन बसला होता आणि पुढच्या आठवड्यात त्याची हळद होती.

"लग्न मोडायचं नाय आपा. आई मरंल. पुढं कसं निभवायचं तेवढं सांगा. डॉक्टर, गोळ्या, काय असंल ते."

"निभवायचं तिने हाय. तू काय निभवणार?"

असं बोलायचं नसतं, हे नफिसाला ठाऊक होतं. फोन करणाऱ्याला दोष द्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, असं शिकवलं होतं. ती उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

नफिसाचं लग्न हाशिमशी झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. हाशिम कुवेतला असायचा. सुट्टीला आला की सगळ्यांसाठी काही ना काही आणायचा, कधी वाकडा शब्द बोलायचा नाही. फक्त जवळ यायचा नाही. सासूच्या तगाद्यापायी एक मुलगी झाली, अजरा, तेवढंच. आपल्यातच काही कमी आहे, असं नफिसाने मनाशी धरलं. तिने गोरं होण्याची मलमं लावली, ताईत बांधले, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या अंगाला नावं ठेवली. सगळं तारुण्य असं गेलं. मग अजराचं लग्न ठरलं त्या सुट्टीत, गच्चीवर कपडे वाळत घालता घालता हाशिमने सांगून टाकलं, की त्याचा ओढा पुरुषांकडे आहे. रडला. म्हणाला, लग्नाआधीच अम्मीच्या पाया पडून सांगितलं होतं, मला बायको नको. अम्मीला माहीत होतं, थोरल्या बहिणीला माहीत होतं, मामूंना माहीत होतं.

हाशिमवरचा राग हळूहळू निवला. गळा त्याचाही आवळलाच होता. बाकीच्यांवरचा मात्र निवला नाही. सासू म्हणाली होती, "शादी झाली की सुधारंल, वाटलं आम्हाला." म्हणजे नफिसाला सून म्हणून नव्हे, औषध म्हणून आणलं होतं. आणि औषध लागू पडलं नाही, तर बाटलीला दोष.

संस्थेचा नंबर तिला हाशिमच्याच मोबाइलमध्ये सापडला. तिने शिव्या द्यायला फोन लावला आणि भरपूर दिल्या. पलीकडे फोन उचललेल्या, संस्थेच्या मृदुलाने त्या सगळ्या ऐकून घेतल्या आणि शेवटी म्हणाली, "उद्या पुन्हा करा." तिने उद्याही केला, परवाही केला. पुढे पेणला खोली घेतली तेव्हा मृदुलाने तिलाच तिथे बसवलं.

आता गॅलरीतून तिने मृदुलालाच फोन लावला.

"मुलीला आपण सांगायचं नाही, नफिसाताई," मृदुला म्हणाली. "ते त्याचं आहे. आपण एकदा तोंड उघडलं, की या जिल्ह्यातून पुन्हा कुणी फोन करणार नाही."

"आणि त्या पोरीने कुठं फोन करायचा? तिच्यासाठी कुठला नंबर हाय तुमच्याकडं?"

मृदुलाने स्वतःचंच सांगितलं. "माझं वसतिगृहातल्या बाईंनी मला न विचारता घरी कळवलं होतं. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

नफिसाला माहीत होतं. बापाने मृदुलाला कॉलेजातून काढून खोलीत कोंडलं होतं. मृदुलाचं म्हणणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नफिसाचा संताप आणखी वाढला.

"त्याच्या मागे लागा," मृदुला म्हणाली. "पण बोलायला हवं त्यानेच."

नफिसा आत आली. "मी तुझं कुणाला सांगणार नाय. कबरीत घेऊन जाईन. पण तिला न सांगता हळद लावून घेतलीस, तर परत मला फोन करू नको."

आदेश उठून जिना उतरू लागला. हेही बोलायचं नसतं, हे तिला तो खाली पोचायच्या आत कळलं. तरी तिने त्याला हाक मारली नाही.

दोन दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. "आपा, घरी याल का? आईला सांगतो. मला एकट्याला बोलवत नाय."

खांबच्या घराला नवा रंग दिला होता, अंगणात मांडवाचे वासे येऊन पडले होते. आदेशची आई रंभा विधवा बाई. भाताची शेती तिने एकटीने ओढली होती. तिने नफिसाला खुर्ची दिली, चहा दिला. आदेश भिंतीला टेकून खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. अडखळत बोलला, पण सगळं बोलला. जीव लावलेल्या नागोठण्याच्या मित्राचंही सांगितलं.

रंभाने कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "आजपास्नं का माहीत हाय? म्हणून तर घाई केली. पोरगी गुणाची हाय. बायकोचा हात लागला की पुरुष सुधारतो."

रोह्याची सासू या खांबच्या घरात येऊन बसली आहे असं नफिसाला वाटलं. भाषा तेवढी वेगळी, बाकी शब्द न् शब्द तोच. घरी आलेल्या पाहुणीने बोलू नये तसं ती बोलली. हाशिमचं सांगितलं, मलमं सांगितली, ताईत सांगितले. परक्या बाईपुढे, एका जवान पोराच्या देखत, जे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

रंभाने सगळं ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "पोरगी झाली ना तुमाला?"

"झाली."

"घर बांधलं ना नवऱ्यानं? टाकलं तर नाय ना?"

"नाय."

"मग? चाललंच की तुमचं."

"चाललं," नफिसा म्हणाली. "माझ्या अंगावरून चाललं, रंभाबाय. वैशालीच्याही अंगावरून चालवणार तुमी. तिनं तुमचं काय वाकडं केलंय? तुमची पोरगी असती तर दिली असती अशा घरात, माहीत असून?"

रंभाने तोंड फिरवलं. "माझ्या घरात येऊन माझ्या पोराचं लगीन मोडता. लाज नाय वाटत?"

"आई, पुरे," आदेश म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक पडला होता, पण पायांत चपला होत्या. "आपा, बसा गाडीवर. आत्ताच जाऊ. उद्या मी परत भिईन."

रंभा वाशांपर्यंत मागे आली. शिव्या दिल्या, मग रडली, मग पुन्हा शिव्या दिल्या. आदेशने गाडी थांबवली नाही.

वैशाली नागोठण्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. आदेशने तिला बाहेर बोलावलं. नफिसा रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. शब्द ऐकू येत नव्हते. आधी वैशाली हसत होती. मग हसायची थांबली. मग बराच वेळ ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. आदेशने नफिसाकडे बोट दाखवलं, मग हात जोडले, तेव्हा तिने ते झटकून टाकले. आणि रस्ता ओलांडून ती सरळ नफिसासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी कोण? याला कवापास्नं वळखता?"

"मी पेणच्या संस्थेत काम करते. काही महिने झाले."

"म्हंजे मी लग्नाची साडी घेत होते तेव्हा तुमाला माहीत होतं?"

"लग्न ठरलंय हे मला परवा कळलं. त्याच्या आधी नाय."

"परवा तरी कळलंच ना! मग मला का नाय सांगितलं?"

मृदुलाने सांगितलेलं कारण नफिसाच्या तोंडापर्यंत आलं. ते बरोबर होतं, पण या पोरीसमोर ते उच्चारायला तिची जीभ वळेना.

"सांगायचा हक्क मला नव्हता," ती म्हणाली. "पण तू माझ्यावर चीड. मीही चिडले होते. मला एकोणीस वर्षांनी कळलं."

वैशाली थबकली. नफिसाच्या तोंडाकडे, बुरख्याबाहेर आलेल्या पिकलेल्या केसांकडे, बोटातल्या अंगठीकडे बघत राहिली. मग धप्पकन पायरीवर तिच्याशेजारी बसली.

"आता लोक माझ्यातच खोट काढतील," ती म्हणाली. "त्याची आई तर गावभर सांगंल."

"सांगंल."

"त्याला म्हणावं, आधी माझ्या बापासमोर येऊन बोल. चार माणसांत बोल. मोबाइलवर नाय."

तिच्या मागोमाग रस्ता ओलांडून आलेल्या आदेशने ते ऐकलं. "संध्याकाळी येतो," तो म्हणाला. वैशालीने त्याच्याकडे पाहिलं नाही. लॅबमध्ये जाऊन तिने सुट्टी सांगितली, आपली स्कूटी काढली आणि नफिसासमोर आणून उभी केली.

"बसा. घरी चला. आईला मीच सांगणार. तुमी नुसत्या बाजूला बसा."

घर नदीच्या अंगाला होतं. पडवीत सातआठ बायका लग्नाचे वाल निवडत बसल्या होत्या, गाणी म्हणत होत्या. बुरख्यातली अनोळखी बाई दारात बघून गाणं थांबलं. वैशालीची आई पदराला हात पुसत पुढे आली.

"या कोण गो? नवऱ्याकडच्या?"

"नाय," वैशाली म्हणाली. "माझ्याकडच्या."

आईला काही उमगलं नाही. पण तिने वालाचं सूप उचलून बाजूला केलं आणि चटईवर एका माणसाची जागा केली.