एक जीव पुरे

आमच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं पॅरामेशियम पाळते. डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे हे एकपेशीय जीव खायला नाही मिळालं की मुकाट मरतात. तक्रार करत नाहीत, त्या बाबतीत आमच्या घरच्यांपेक्षा बरे. गहू उकळायचे, पाणी दोन दिवस गढूळ होऊ द्यायचं. त्यातले जिवाणू हे खातात. एवढीच माझी विद्या, पण पक्की.

हे वाण जुन्या मॅडमनी एका तळ्यातून आणलं होतं. ते तळं आता बुजवलंय, तिथे गाड्या उभ्या राहतात. म्हणजे इथलं गेलं की कायमचं गेलं.

नव्या सरांना त्या पाण्याचा वास खुपायचा. हात लावू नका, असं मी बजावलं होतं. पण मी लेकीच्या बाळंतपणाला रजेवर गेले आणि उंटावरच्या शहाण्यानं सगळ्या बाटल्यांत उकळून गाळलेलं स्वच्छ पाणी भरलं.

परतले तेव्हा सरांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. सगळं संपलं, बाटल्या धुवायला टाका, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायला वेळ नव्हता. एकेका बाटलीच्या तळाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत गेले. अकराव्या बाटलीत एक सापडला. वाळकुडा, पण हलत होता.

"एकानं काय होणार, मावशी?"

"एक पुरे, सर. ह्याला लग्न करावं लागत नाही. खाऊन धष्टपुष्ट झाला की आपला आपण दोन होतो. उचला."

मुद्दाम त्यांनाच उचलायला लावला. त्यांनी बारीक नळीत तो ओढून घेतला. माझ्या कपाटातली गढूळ पाण्याची बाटली तेवढी त्यांच्या स्वच्छतेतून सुटली होती. तिच्या थेंबात त्यांनी तो अलगद सोडला.

दुसऱ्या दिवशीही एकच होता. सर दुपारी जेवायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर ते आधीच सूक्ष्मदर्शकावर वाकलेले.

"चार," ते म्हणाले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग त्यांनी गहू स्वतः उकळले आणि नव्या बाटलीवर चिठ्ठी डकवली, 'मावशींना विचारल्याशिवाय हात लावू नये'. खाली त्या दिवसाची तारीख टाकली होती. ती मी खोडली आणि मॅडम हे वाण आणायला तळ्यावर गेल्या होत्या त्या दिवसाची घातली.