सत्तेचाळीस नंबरचा फ्रीज

राजधानीतल्या आरोग्य खात्याने फर्मान काढलं, की एचआयव्हीच्या तपासणीला येणाऱ्या माणसाला दवाखान्यात नावाने हाक मारायची नाही. गुप्तता पाळायची. प्रत्येकाला एक नंबर द्यायचा आणि त्या नंबरानेच आत बोलवायचं. हे ज्या साहेबाला सुचलं त्याने आमच्या गावात एक दुपार जरी काढली असती, तरी तो कागद त्याने स्वतःच्या हाताने फाडला असता. आमच्याकडे नाव गुप्त राहू शकतं. निम्म्या गावाला शेजाऱ्याचं खरं नाव माहीत नसतं, टोपणनावावर जन्म निघतो. पण नंबर? नंबर कानावर पडला की माणूस सरळ लॉटरीच्या टपरीकडे धावतो.

कुणी वारलं की थडग्याचा नंबर लावतात. रुग्णवाहिका आली की आधी तिची पाटी वाचतात आणि मग आत कोण आहे ते विचारतात. पाद्रीबाबांनी बायबलातला अध्याय सांगितला की मागच्या बाकावरची माणसं खोकल्याचं निमित्त करून हळूच सटकतात. माझी काही तक्रार नाही. टपरी माझीच आहे, आणि तिची एक भिंत दवाखान्याला लागून आहे. मी स्वतः मात्र कधी एक आकडाही लावत नाही. विकणारीने खेळायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

तर एका गुरुवारी सकाळी डॉक्टर आब्रेऊ दारात येऊन ओरडले, "सत्तेचाळीस!"

हा डॉक्टर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. सरकारी सक्तीचं एक वर्ष काढायला आमच्याकडे आलेला, नियमाला देव मानणारा. बाकांवर गर्दी होती. तापाची पोरं, लशीच्या बायका, गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या. हाक ऐकल्यावर कुणी उठेना म्हणून त्याने पुन्हा घसा ताणला, "सत्तेचाळीस! घाबरू नका, हे सगळं गुप्त आहे!"

एवढं ऐकायचा अवकाश, अख्खी खोली उठली आणि माझ्या खिडकीवर येऊन आदळली. मी दुपारपर्यंत सत्तेचाळीसच विकत होते. गर्दी इतक्या घाईने बाहेर पडली, की खऱ्या सत्तेचाळीस नंबरवाल्या माणसाला आत जाताना कुणीच पाहिलं नाही. खात्याच्या फर्मानाचा झाला तो एवढाच उपयोग.

दुपारी मी खिडकी लावत होते तेव्हा मागच्या दाराने नुर्किस आली. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याच घरात वाढली. समुद्रावरच्या एका हॉटेलात चादरी धुवायचं काम करते. सातवा महिना लागला होता. पोराचा बाप ट्रक चालवायचा, आणि जिथे ट्रक थांबेल तिथे त्याचं एक घर असायचं. तो केव्हाच पसार झाला होता.

"मावशी," ती म्हणाली, "सत्तेचाळीस मी आहे."

गरोदर बायकांची सगळ्यांचीच तपासणी करतात, तशी हिचीही केली होती. बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला. एक रेघ आली तर सुटलात. हिच्या पट्टीवर दोन आल्या.

"पण डॉक्टर म्हणाले, दोन रेघा म्हणजे निदान नव्हे. पोटुशी बाईला पट्टी कधी कधी उगाच दुसरी रेघ दाखवते. दुसऱ्या जातीच्या पट्टीवर पाहिलं. तीपण तसलीच. आता नळीभर रक्त राजधानीला गेलंय. पुढच्या गुरुवारी पक्कं सांगतील."

"आणि पक्कं झालं तर?"

"तर त्याच दिवसापासून गोळ्या. वेळेत घेतल्या तर बाळाची लागण टाळता येते म्हणाले. पण आता फार दिवस हातात नाहीत." ती झग्याच्या बाहीने तोंड पुसत राहिली. "हॉटेलात कळलं तर मला दारात उभं करणार नाहीत गं."

मी तिला जवळ घेणार, तेवढ्यात समोरच्या किराणावाल्याचा रेडिओ कोकलला. पहिलं बक्षीस, सत्तेचाळीस.

गल्लीत जो काही गोंधळ उडाला तो काय सांगू! ढोल निघाला, रम निघाली, चर्चचा सेवेकरी एलिहियो चक्क घंटा वाजवायला पळाला. शेजारची बाउदिलिया खिडकीची झडप बडवत ओरडली, "मिल्केया! अगं उघड! हा सत्तेचाळीस आहे तरी कोण? त्याचे पाय धुवून पाणी प्यायला हवं!" नुर्किस टपरीतल्या माझ्या कॉटखाली पाय दुमडून बसली होती, एवढं पोट घेऊन.

दोन दिवसांत गावाला दुसरा विषय राहिला नाही. वर्षभर दवाखान्यातल्या त्या तपासणीच्या खोलीकडे कुणी बघत नसे, बघितलं तर तोंडावर रुमाल धरून. आता तिच्या पायरीवर मेणबत्त्या लागल्या. आणि त्यात आमचे नगराध्यक्ष रादामेस. निवडणूक तोंडावर आली होती आणि माणूस फोटोचा भुकेला. त्यांनी लाउडस्पीकरच्या गाडीवरून जाहीर केलं, की गावात समृद्धी आणणाऱ्या सत्तेचाळीस नंबरला येत्या गुरुवारी दवाखान्याच्या दारात नवा कोरा फ्रीज देण्यात येईल. फ्रीजच्या दारावर नगराध्यक्षांचं हसरं चित्र असेल. आमच्याकडे वीज दिवसातून एकदा येते ती पाहुण्यासारखी, चहापाण्यापुरती. पण फ्रीज म्हणजे फ्रीज.

डॉक्टर आब्रेऊ धावत त्यांच्याकडे गेले. "साहेब, ही गुप्त गोष्ट आहे. नाव कुणालाही कळता कामा नये."

"नाव कुठे विचारतोय मी?" नगराध्यक्ष दुखावल्या आवाजात म्हणाले. "नाव मुळीच नको. फक्त फोटो!"

बुधवारी नुर्किसने सांगून टाकलं, "मी जाणार नाही. व्हायचं ते होऊ दे."

"आणि बाळाचं?"

"दारात ढोल असेल, कॅमेरा असेल. 'सत्तेचाळीस' म्हटल्यावर मी उठायचं? मावशी, मी तिथेच मरेन."

मला तिचा राग आला, नगराध्यक्षांचा आला, फर्मान काढणाऱ्या साहेबाचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आमच्या गावाचा. या गावाला लाज आणता येत नाही, हे मला पन्नास वर्षं राहून कळलंय. पण या गावाला हाव आणता येते. ती कशी आणायची ते टपरीवालीला कुणी शिकवायला नको.

मी बाउदिलियाला बोलावलं. कॉफी दिली. दार लावून घेतलं. कुजबुजले, "हे बघ, तुझ्या पोटात ठेव. डॉक्टरांना नाव विचारायची परवानगीच नाही. हाक मारल्यावर जो उठेल तोच सत्तेचाळीस. त्यांना दुसरा इलाजच नाही."

तिचे डोळे बशीएवढे झाले. "म्हणजे कुणीही उठलं तरी..."

"शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

तिने आईची शपथ घेतली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेली. माझं काम झालं.

गुरुवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर हातगाडीवर फ्रीज, त्यावर नगराध्यक्षांचं हसू, शेजारी खुद्द नगराध्यक्ष तेच हसू घेऊन. नुर्किसला मी दंडाला धरून आणलं आणि मधल्या बाकावर बसवलं.

डॉक्टर दारात आले. म्हणाले, "सत्तेचाळीस."

सगळे उठले. बाकच्या बाक उठले. न्हावी उठला, शाळेची मुख्याध्यापिका उठली, एलिहियो छातीवर क्रूस करत उठला, आणि कालपर्यंत कुबडीशिवाय हलता न येणारी एक म्हातारी कुबडी टाकून उठली.

बसून राहिली ती एकटी नुर्किस.

हा विचार मी केलाच नव्हता. कुणीही मान वळवली असती तर सगळं उघडं पडलं असतं. मी तिच्या पाठीत असा चिमटा काढला, की ती किंचाळत उभी राहिली.

"तूपण का गं?" बाउदिलियाने डोळे वटारले. "तुलापण फ्रीज हवा?"

नुर्किसने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का? पोटुशी बाईला गार पाणी पिऊ नये असा कायदा आहे?"

डॉक्टर रडकुंडीला आले होते. मी तिथूनच ओरडले, "डॉक्टर, नाव विचारता येतं का तुम्हाला?"

"नाही, मिल्केयाबाई, पण..."

"मग सगळ्यांना एकेक करून आत घ्या. नियम तो नियम!"

पोर तसं हुशार निघालं. त्याची नजर गर्दीवरून फिरली, नुर्किसवर थांबली नाही, मुद्दाम थांबली नाही. मग ताठ होऊन तो म्हणाला, "ठीक आहे. पण सत्तेचाळीस नंबरची आज फेरतपासणी आहे. आत येईल त्याला बोट टोचून घ्यावं लागेल."

न्हावी म्हणाला, त्याला आठवलं, दुकान उघडं राहिलंय. पण आता बसायचं तर खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि तो फ्रीज शेजाऱ्याच्या घरात जाताना पाहायचा. कुणी हललं नाही. वर्षभर डॉक्टर घरोघर हात जोडून फिरला तरी एक बोट मिळालं नव्हतं. त्या दिवशी अख्खं गाव बोट पुढे करून रांगेत उभं राहिलं.

नुर्किस एलिहियोच्या मागे आणि मुख्याध्यापिकेच्या पुढे आत गेली. बाकीच्यांपेक्षा तिला थोडा जास्त वेळ लागला. पोटुशी बाईला लागतोच, असं मी दोघीतिघींना ऐकवलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. निदान पक्कं होतं. आणखी रक्त काढलं होतं, विषाणू किती आहेत आणि अंगातली ताकद किती उरलीय ते मोजायला. छाती तपासली होती, खोकला विचारला होता, कारण क्षयाची भीती असते. गोळ्यांची बाटली झग्याच्या खिशात होती. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती.

मग माझ्या पोरीने भोकाड पसरलं. "मला नाही मिळाला फ्रीज!" ती हुंदके देत म्हणाली. "मला नाही मिळाला!"

बायका धावल्या. बाउदिलियाने तिला पोटाशी धरलं. "जाऊ दे गं राणी! एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्यात वीज तरी कुठे असते?" नुर्किस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पोटभर, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, आणि कुणालाही कळलं नाही ती कशासाठी रडतेय. त्या वेळी मला पहिल्यांदा माझं गाव आवडलं.

फ्रीज शेवटी नगराध्यक्षांच्या मेव्हण्याला मिळाला. खरा सत्तेचाळीस तोच असल्याचं त्यांनी फोटोसह जाहीर केलं. त्याला त्या फ्रीजची किंमत नंतर कळली. तो नंबर कुठल्या तपासणीचा होता ते आठवून त्याच्या सासरच्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि तो गळ्याची शपथ घेऊन सांगत सुटला, की मला काहीही झालेलं नाही.

त्या रांगेत कुणाच्या पट्टीवर काय आलं ते डॉक्टरांनी कधी तोंडातून काढलं नाही. एवढंच, की महिन्यातून एकदा गुरुवारी एलिहियो माझ्या टपरीशी येतो. आकडा घेत नाही. दवाखान्याचा रस्ता रिकामा होईपर्यंत उभा राहतो. मी त्याला आत खुर्ची देते आणि मागचं दार उघडं ठेवते. देवाधर्माचं बोलतो आम्ही.

मुलगी झाली. गावाने तिच्या वजनाचा आकडा लावला आणि सपशेल आपटी खाल्ली. नुर्किस अंगावर का पाजत नाही म्हणून बाउदिलियाने विचारलं, तेव्हा मी "दूध आटलं" म्हणून सांगितलं. पोरीला आधी औषधाचे थेंब दिले. तिचं रक्त पुन्हा पुन्हा राजधानीला गेलं आणि दर वेळी चांगलीच बातमी आली. तरी शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर, कारण तोवर आईच्याच रक्ताची खूण पोराच्या पट्टीवर उमटू शकते. डॉक्टर आब्रेऊंचं वर्ष केव्हाच संपलं होतं, पण बदलीचा कागद राजधानीत कुठेतरी अडकला होता. त्यामुळे पट्टी त्यांनीच लावली. आता ते नंबर पुकारत नाहीत. दारात येतात आणि "पुढचं" म्हणतात.

आम्ही दोघी पट्टीकडे डोळे लावून बसलो. पोरगी टोचलेलं बोट चोखत होती. वरची रेघ उमटली. खालची जागा पांढरी राहिली. डॉक्टरांनी सांगितल्याहून जास्त वेळ थांबलो, तरी पांढरीच राहिली.

मी टपरीवर परत आले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्याच खिडकीतून आकडा लावला. शून्य एक.

संध्याकाळी रेडिओ लागला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, कुठल्याच बक्षिसात एक नव्हता. मी पोरीला कडेवर घेऊन रस्त्यात नाचायला लागले.

बाउदिलिया धावत आली. "लागला? तुला लागला? कुठला लावला होतास?"

"एक."

"अगं, एक तर आलाच नाही!"

"आला," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी कॉफी ओतली.