अडतीस किलोमीटरची निळी

हॅलम नवरा-बायको आठ वर्षांत एकही रात्र मिळून घराबाहेर झोपले नव्हते. कारण मागच्या शेडमध्ये होतं.

तिथे फुगवलेल्या प्लास्टिकच्या तंबूत एक निळी गाडी उभी होती. तंबूत हवा खेळवणारा छोटा पंखा अहोरात्र घुमत असे. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून गाडी लोखंडी टेकूंवर उचलून ठेवली होती. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. मीटरवर आकडा होता अडतीस किलोमीटर, आणि त्यातला एकही डेस हॅलमने चालवलेला नव्हता. शोरूममधून घरी त्याने ती ट्रकवर आणली होती.

अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ गावातला गाड्यांचा कारखाना बंद झाला त्या वर्षी शेवटची म्हणून एकशे ऐंशी जोरदार गाड्यांची तुकडी निघाली. डेस तिथे एकतीस वर्षं होता. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं अखेरच्या तपासणीत, चौदा नंबरच्या चौकीवर. बंद होताना हातात आलेल्या पैशांतले पंच्याण्णव हजार डॉलर मोजून त्याने त्या तुकडीतली एक घेतली. निळा रंग आणि हाताने टाकायचे गिअर, अशा त्यात फक्त नऊ होत्या. पुढे एक अ‍ॅडलेडच्या पुरात गेली, एक पर्थच्या कुणीतरी काळी रंगवली. बॅलरॅटला एक झाडावर आदळल्याची बातमी आली तेव्हा डेसने आधी चालक वाचला का ते विचारलं, आणि मग लगेच भाव. उरल्या सहा. दर जानेवारीच्या लिलावानंतर तो नवा आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवी. भाव चढला की म्हणे, "अजून चढेल." उतरला की म्हणे, "आता विकणं म्हणजे खुळेपणा."

विम्याच्या कागदावर एक अट होती. मालक किंवा मालकाची पत्नी यांपैकी कुणीतरी रोज रात्री घरात असलं पाहिजे. शेजाऱ्याला झोपायला बोलावून चालत नव्हतं. डेसने दोनदा फोन करून विचारलं होतं. मुलीच्या, टेगनच्या लग्नाला तो समुद्रापलीकडे लॉन्सेस्टनला सकाळच्या विमानाने गेला आणि केक कापायच्या आत परत निघाला. नात झाली तेव्हा त्याची बायको ग्लेनिस एकटी गेली.

या वर्षी टेगनने घरामागची दोन खोल्यांची जागा आईबाबांसाठी रिकामी करून ठेवली. त्या जागेला गॅरेज नव्हतं. "एक मेपर्यंत थांबते," ती आईला म्हणाली. "मग भाडेकरू ठेवीन. आई, घराचा हप्ता मलाही भरायचाय."

ग्लेनिसने ती तारीख फ्रिजवर, आकड्याच्या शेजारी लावली.

जानेवारीत एक निळी तीन लाख साठ हजाराला गेली आणि डेस पहिल्यांदाच विकायला हो म्हणाला. गोल्ड कोस्टवर जमीन खणायच्या यंत्रांचा धंदा करणारा डॅरिल व्होस नावाचा गिऱ्हाईक मिळाला. देऊ केले तीन लाख पंचावन्न हजार. अट एकच, आपला माणूस गाडी पारखून जाईल.

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी अकराला तो माणूस आला. मर्व लिंडनर, बरोसा खोऱ्यातला, साठीचा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेला.

"काय डेस, राणीसाहेब उठल्या का?"

"बूट काढ आधी," डेस म्हणाला.

"माझ्या बायकोच्या चर्चमध्येसुद्धा मी बूट काढत नाही रे."

"तुझ्या बायकोचा देव तीन लाखांचा नाहीये."

ग्लेनिसने चहा आणि बेडकाच्या आकाराचे हिरवे केक एका ट्रेमध्ये आणले. डेसने ट्रे तंबूपासून सहा फुटांवर ठेवायला लावला. तंबूची चेन उघडून मर्व आत शिरला. चासिसचा नंबर, इंजिनाचा नंबर, रंगाची जाडी, सीटखालचे स्टिकर. प्रत्येक गोष्टीला तो "हं" म्हणत होता आणि प्रत्येक "हं"ला ग्लेनिसला लॉन्सेस्टनच्या त्या दोन खोल्यांचं दार थोडं थोडं उघडताना दिसत होतं.

बॉनेट उचलल्यावर मात्र "हं" थांबलं. मर्वने हातातल्या बॅटरीचा झोत एका बाजूने मारला, मग दुसऱ्या बाजूने. चष्मा बदलला.

"डेस, खुणा कुठायत?"

"कसल्या?"

"कसल्या काय विचारतोस मला? पिवळ्या मेणखडूच्या. प्रत्येक चौकीवाल्याची एकेक. बाकीच्या पाचही गाड्यांत आहेत, मी स्वतः फोटो काढलेत. तुझी तर चौदा नंबरची, खाली आडवी रेघ मारलेला एच. तीसुद्धा नाही."

डेसने बॉनेटखाली वाकून पाहिलं. मग म्हणाला, "मी पुसल्या."

"काय केलंस?"

"घरी आणली त्या दिवशी. फडक्याला स्पिरिट लावून. मर्व, गिऱ्हाइकाला खूण दिसली तर तो चौकीवाल्याचा दोष धरला जाई. एकोणीस वर्षं हेच केलं मी. बाहेर दिसणाऱ्या खुणा पुसूनच गाडी सोडायची. घरी आल्यावर बॉनेटखालच्याही डोळ्यांत खुपल्या."

"पण गिऱ्हाईक तूच होतास ना, बाबा!"



मर्वने समजावून सांगितलं, आणि ते ग्लेनिसलाही कळलं. इतक्या दुर्मीळ गाडीत लोक लोखंड विकत घेत नाहीत, कुणाचाही हात लागलेला नाही ही खात्री विकत घेतात. खुणा नाहीत म्हणजे आतलं काहीतरी उघडलं असेल, ठोकली असेल, रंगवली असेल. नसेलही. पण शंका आली की भाव गेला. त्याने तिथूनच व्होसला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दोन ऐंशी," व्होस म्हणाला. "खुणा असत्या तर बोललो होतो तेच दिले असते."

"फडक्याच्या एका फटक्याचे पंचाहत्तर हजार?" डेस ओरडला.

"फडकं तुझंच होतं ना, दोस्ता?" व्होस म्हणाला. सोमवारपर्यंत कळव, असं सांगून त्याने फोन ठेवला.

फाटकापाशी मर्वने गुडघ्याचे पट्टे सोडले. "अहवाल मी सोमवारी पाठवतो. तोवर काही लिहिलेलं नाही." तो थोडा घुटमळला. "तुझ्याकडे तो खडू असेल अजून. हात तर तुझाच आहे; शेवटच्या तपासणीची एक खूण असली तरी व्होस मानेल. बघ बुवा. मी काही बोललेलो नाही."

दुपारी ग्लेनिसने विषय काढला. "दोन ऐंशी घे आणि मोकळा हो."

"पंचाहत्तर हजार पाण्यात घालू?"

"ते पैसे कधी होते आपल्याकडे? फ्रिजवर होते. मी सहासष्ट वर्षांची आहे, डेस. मला नातीला शाळेतून आणायचंय. इथे मी पंख्याची राखण करत बसलेय."

"तू जा. मी राहतो."

"आणि दर रात्री तू एकटा इथे झोपणार. कुणासाठी? विमा कंपनीसाठी?"

तो उठून शेडमध्ये गेला. ग्लेनिसला ठाऊक होतं की लग्न टिकवायचं तर एकटं जाता येत नाही, आणि नातीला वाढताना पाहायचं तर इथे राहता येत नाही. एक मेला पाच आठवडे उरले होते.

शनिवारी सकाळी ती शेडमध्ये गेली तेव्हा डेस बाकावर बसला होता. समोर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात तीन पिवळे मेणखडू आणि एक लाल. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्याने तीसेक एच काढले होते. सगळे एकसारखे.

"छान जमलेत," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज विचित्र वाटला.

"माझीच खूण. माझीच गाडी. खडूसुद्धा तिथलाच. फसवणूक कुणाची?"

"मला नको विचारू. काढायची तर काढ."

ती मनापासून म्हणाली. त्या क्षणी तिला खोट्याचं काहीच वाटत नव्हतं. तीन पंचावन्न झाले की डेस विकेल, एवढंच कळत होतं.

तंबू उघडून त्याने बॉनेट उचललं आणि डाव्या बाजूला, जिथे खूण असायची तिथे, खडू टेकवला. मग काढून घेतला.

"काय झालं?"

"तपासली नाहीये."

"काय?"

"खूण म्हणजे सही नव्हे गं. खूण म्हणजे मी ही तपासली, बेचाळीस गोष्टी पाहिल्या, बरोबर आहे. न तपासता एकदाही मारली नाही मी. आमच्यातला डॉन सिमंड्स तशीच मारायचा. त्याला कामावरून काढला त्यांनी." त्याने खडू डब्यात टाकला. "तपासतो. मग मारीन. म्हणजे खोटं नाही होणार."

ग्लेनिसने खुर्ची ओढली. तिने त्याला कामावर कधीच पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं तो डबा घेऊन गेला आणि डबा घेऊन आला, एवढंच तिला माहीत. आता तो वाकून, बोटांनी चाचपत, पुटपुटत एकेक गोष्ट पाहू लागला. पहिल्या चारपाच ठीक होत्या. मग त्याने पाण्याची नळी दाबली आणि ती बोटाखाली बारीक तडकली.

"हे काय?" तो स्वतःशीच म्हणाला.

 त्याने लाल खडू घेतला, पण गाडीवर काही न मारता पुठ्ठ्यावर आकडा लिहिला. एक. ब्रेकचं तेल चहासारखं काळं पडलं होतं. दोन. टायरचं रबर काचेसारखं कडक. पेट्रोलच्या टाकीतून व्हार्निशचा वास. दरवाजांची रबरं चिकटून फाटलेली. गाडी कुणी वापरली नव्हती, म्हणूनच ती बिघडली होती. दीड तासाने पुठ्ठ्यावर अकरा आकडे होते.

डेस टेकूशेजारी जमिनीवर बसला. "माझ्या चौकीवरून ही गेली नसती," तो म्हणाला. "मीच सडवली."

"मग आता?"

"आता खूण नाही मारता येणार. विकताही नाही येणार. आधी नीट करायला हवी. रबरं मिळत नाहीत, साचेच भंगारात गेले. व्हिक्टोरियात एक जण आहे, जुने सुटे भाग जमवतो. वर्षभर लागेल. दीड फार तर."

ग्लेनिसने डोळे मिटले. तिला ते वर्ष दिसलं, आणि त्यानंतरचं दीड.

"डेस," ती म्हणाली, "तुमच्या चौकीवर नापास झालेल्या गाडीचं काय करायचात?"

"चिठ्ठी लावायची."

"म्हणजे?"

"लाल चिठ्ठी. काय काय चुकलंय ते लिहून आरशाला अडकवायची."

"आणि गाडी? नीट होईपर्यंत तिथेच उभी?"

"वेडी का तू? मागे चाळीस गाड्या असायच्या. लाइन थांबवायची नसते कधी. चिठ्ठी लावायची आणि पुढे ढकलायची. पुढचे बघतात."

 पंखा घुमत होता. डेसने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एकोणीस वर्षांत एकदाही लाइन थांबवली नाहीस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आठ वर्षं काय करतोयस?"

त्याने बॉनेट खाली आणलं. संध्याकाळी मात्र त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर मर्वला फोन लावला आणि अकराच्या अकरा दोष वाचून दाखवले.

"अरे, पण हे कुणी विचारलं होतं तुला?" मर्व म्हणाला. "अशा गाड्यांची टाकी कुणी हुंगत नाही!"

"लिहून घे."

व्होसने आणखी दहा हजार कापले. वर मर्वकडे निरोप दिला की रबरं फाटकी असली तरी चालतील, नवी मात्र कुणी बसवू नये. गाडी चालवायची कुणाला आहे? त्याच्या शेडमध्ये अशा न चालवलेल्या अकरा गाड्या होत्या, अकरा तंबूंत. डेसने निरोप ऐकला आणि खिडकीतून शेडकडे पाहिलं. ग्लेनिस भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"घेतले म्हणून सांग त्याला," तो फोनवर मर्वला म्हणाला.

बंद ट्रक एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी आला. ड्रायव्हरने इंजिन चालू न करता गाडी दोराने वर ओढली. मीटर हलू नये अशी व्होसची सूचना होती. ट्रकचं दार लावण्याआधी ग्लेनिस आत डोकावली. आरशाला लाल कार्ड अडकवलेलं होतं. अक्षर डेसचं, ठळक. अकरा दोष तिला ठाऊक होते. खाली बारावा होता. "चालवून पाहिलेली नाही." त्याखाली आडव्या रेघेचा एच, लाल रंगात.

ट्रक गेल्यावर डेसने रिकाम्या तंबूतला पंखा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चालू होता. ग्लेनिसने तो बंद केला आणि वायर काढून कचऱ्यात टाकली.

गुरुवारी विमानतळावर न्यायला टॅक्सी आली. बॅगा मागे ठेवून ग्लेनिस बसली. डेस शेडकडे गेला. त्याने कुलूप ओढून पाहिलं. चार पावलं आला, परत फिरला, पुन्हा ओढून पाहिलं.

"आत काही नाहीये, डेस," तिने काच खाली करून सांगितलं.

"माहितेय मला," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा ओढून पाहिलं.