मळवलीला न पोचलेले मेल

अमृतशेठचे लोणावळ्याच्या आसपास अकरा बंगले भाड्याने जात. वेबसाइटवर बुकिंग झालं की पाहुण्यांची नावं, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि येण्याची वेळ असा एक मेल त्या बंगल्याच्या केअरटेकरला आपोआप जायचा. नोव्हेंबरात मळवलीच्या बंगल्यावर तीनदा पाहुणे आले आणि तीनदा फाटकाला कुलूप होतं. तिसऱ्या वेळी शेठने तिथल्या केअरटेकर नंदाबाईंना फोनवरच कामावरून काढून टाकलं.

वेबसाइट शेठचा मेव्हणा सुहास बघायचा. तो पुण्यातल्या एका कंपनीत दोन वर्षं होता आणि ती दोन वर्षं त्याने जन्मभर पुरवायची ठरवली होती. निकाल त्यानेच दिला होता. "दाजी, सिस्टिम सांगतेय मेल गेलाय. हिरवी टिक आहे. आता त्या बाईला मेल म्हणजे काय ते कळत नसेल तर त्याला सर्व्हर काय करणार?"

पुढच्या आठवड्यात तुंगार्लीच्या बंगल्यावर तेच झालं, मग कार्ल्याजवळच्या. तीन माणसांना एकाच महिन्यात वाचता येईनासं झालं, हे मात्र शेठच्याही गळी उतरेना. त्यांनी कान्हे गावच्या अनघाला बोलावलं. ती तळेगावच्या कारखान्यात नऊ वर्षं सर्व्हर सांभाळत होती.

अनघा आली, सुहासने पुढे केलेली खुर्ची तशीच ठेवून दुसरी ओढली आणि सर्व्हरवरची नोंदवही उघडली. प्रत्येक मेलचं काय झालं ते सर्व्हर तिथे लिहून ठेवत असतो. एक नोव्हेंबरपासून एकच ओळ शेकडो वेळा आली होती: मेल नाकारला.

"हे कधी वाचलंत?" तिने विचारलं.

"लॉग कोण वाचतं, मॅडम? टिक हिरवी होती."

"टिक मेल पाठवायच्या आधीच लागते. कोड तुम्हीच लिहिलाय ना?"

सुहासने मोबाइल काढून त्यात बघायला सुरुवात केली.

प्रकार साधा होता. मेल पोचवणाऱ्या कंपनीने दोन महिने आधी कळवलं होतं, की एक तारखेपासून मेल बंदिस्त, सुरक्षित मार्गानेच घेऊ. उघड्यावर पासवर्ड चालणार नाही. सुहासने सुरक्षित मार्ग चालू करून पाहिला होता. समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र ओळखता येत नाही, असं शेठचा सर्व्हर म्हणाला, कारण विश्वासातल्या प्रमाणपत्रांची त्याच्याकडची यादी सहा वर्षं जुनी होती. ती यादी बदलायची एवढंच काम. सुहासने सुरक्षा बंद केली आणि जेवायला गेला. एक तारखेपासून कंपनी प्रत्येक मेल दारातून परत पाठवत होती. बाकीच्या बंगल्यांचे केअरटेकर तिथेच राहत, म्हणून तिथे फाटक उघडं मिळत होतं.

"मग प्रमाणपत्र तपासूच नका असं सेटिंग करू ना," सुहास म्हणाला. "एका ओळीचं काम आहे. इंटरनेटवर सगळे तेच करतात."

"म्हणजे मधे कोणीही बसून स्वतःला मेल सर्व्हर म्हणवलं तरी आपण त्याला पासवर्ड द्यायचा. वर पाहुण्यांचं आधार कार्ड." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शेठ, यांना चहा सांगायला पाठवा."

शेठने खरंच पाठवलं.

तिने यादी नवी घातली. सुरक्षित मार्ग मिळाला नाही तर मेल पाठवूच नये, अशी सक्ती लावली. पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवलेला होता, 'Amrut123'. तो बदलून वेगळ्या जागी ठेवला. टिक मेल गेल्यावरच लागेल असं केलं. मग सर्व्हर बंद करून चालू केला आणि नंदाबाईंना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, मुद्दाम.

"मावशी, शेठच्या ऑफिसातून अनघा बोलतेय. तुम्हाला शेवटचा मेल कधी आला होता?"

"थांबा, बगून सांगते." थोडा वेळ गेला. "एकतीस तारीख. आगाशे म्हनून. सा मान्सं, त्यात दोन बारकी पोरं, रात्री जेवान नको. त्यानंतर येकबी न्हाई. त्या सुहासला मी दोनदा सांगितलं, मेल येईना म्हनून. त्यो म्हनला, मावशी फोन बंद करून चालू करा."

सुहास चहा घेऊन दारात उभा होता. चहा ठेवायला जागा असूनही त्याने ठेवला नाही.

"ऐकलंत?" अनघा शेठला म्हणाली. "सहा माणसं, दोन पोरं. इतकं तुमच्या मेव्हण्याला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं."

शेठने घसा खाकरला. माफी मागणं त्यांच्या अंगात नव्हतं. ते फोनजवळ वाकून म्हणाले, "मावशी, झालं ते झालं. सिस्टिमचा प्रॉब्लेम होता. उद्यापासून या."

"सिस्टिम म्हंजे कोन, शेठ?"

शेठने दारातल्या सुहासकडे पाहिलं.

"मी आमच्या गावातल्या धोंडिबा आबांच्या शेजारच्या बंगल्यावर लागले सोमवारपासनं. तितं मालक सोता फोन करत्यात. तुमी माझ्याकडं बगून सांगितलं असतं, की तू खोटं बोलतीस, तर मी भांडले असते आन राह्यले असते. फोनवर हाकललं. आता ऱ्हाऊ द्या."

फोन नंदाबाईंनीच ठेवला.

शेठने स्पीकर बंद केला. मग अनघाला म्हणाले, "नवा पासवर्ड सुहासला देऊन ठेवा."

"नाही," ती बॅग उचलत म्हणाली. "एका पाकिटात घालून तुमच्या कपाटात ठेवलाय. यांना दिलात तर मला परत बोलावू नका."

शनिवारी मळवलीला दोन कुटुंबं यायची होती. मेल वेळेवर गेला, पण तो वाचायला तिथे माणूसच नव्हतं. सकाळी शेठ स्वतः किल्ल्या घेऊन गेले आणि सुहासला अंगण झाडायला लावलं. दुपारपर्यंत त्याचं अर्धं अंगण झाडून झालं होतं, आणि तेही धड नाही.