पोसो दुल्सेचा चिठ्ठ्यांचा ढोल

मित्रांनो, ढोल म्हणून माझं वय बरंच झालं आहे, पण ढोल असण्याचं काम मी सोडून एकवीस वर्षं झाली. सध्या मी पेटी आहे. माझ्यात लोक चिठ्ठ्या टाकतात. पुढच्या वर्षीच्या लोकसंगीताच्या जत्रेला कोणाला बोलवावं, हे त्या चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असतं.

माझा जन्म सांतियागो देल एस्तेरो प्रांतातल्या पोसो दुल्से गावात झाला. फाउस्तिनो नावाच्या कारागिराने सेइबोच्या झाडाचं खोड आतून कोरून मला घडवलं. माझ्या एका तोंडावर बोकडाचं कातडं चढवलं आणि दुसऱ्यावर मेंढीचं. ही दोघं जिवंतपणी एकाच कुरणात चरायची आणि त्यांचं पटत नसे, त्यामुळे सुरुवातीला मी थोडा बेसूर होतो. पुढे दोघांनी जमवून घेतलं.

आमच्याकडे चांगल्या ढोलाचा आवाज एक कोस जातो असं म्हणतात. फाउस्तिनो पक्का माणूस होता. त्याने मला बडवायला घेतलं आणि आवाज कुठवर येतो ते पाहायला धाकट्या भावाला रस्त्याने चालायला लावलं. "ऐकू यायचं थांबलं की परत ये," असं त्याला सांगितलं होतं. तो भाऊ तुकुमानला स्थायिक झाला. अधूनमधून त्याचं पत्र येतं, की आवाज अजून येतोय.

कामाची वर्षं छान गेली. लग्नं, बारशी, संतांचे सण, आणि दर जानेवारीत आमची जत्रा. लोक म्हणायचे, "फाउस्तिनोचा ढोल वाजला की पाय आपोआप हलतात." हे खरं होतं. एकदा एका प्रेतयात्रेतही हलले.

मग एका जत्रेला राजधानीतून एक पाहुणे पुढारी आले. त्यांना ढोल वाजवतानाचा फोटो हवा होता. त्यांनी टिपरू घेतलं नाही, मूठ घेतली. मूठ बोकडाच्या बाजूने मनगटापर्यंत आत गेली आणि निघेना. त्यांनी चाळीस मिनिटांचं भाषण तसंच केलं. हातवारे करायची वेळ आली की मीही हवेत जायचो. लोकांनी दोघांसाठी टाळ्या वाजवल्या.

जत्रा संपल्यावर समितीच्या चिटणीस दोन्या, म्हणजे श्रीमती, रोसाउरा मला न्याहाळत बसल्या. त्या गावच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे अख्खं गाव त्यांना अजून बाईच म्हणतं. बाईंनी माझ्या भोकात हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "चिठ्ठ्या टाकायला बरं आहे."

तोपर्यंत जत्रेला कोणाला बोलवायचं हे समितीचे अध्यक्ष ठरवत आणि ते आपल्या मेहुण्यांना बोलवत. त्यांना मेहुणे सात होते. सात वर्षं काही प्रश्न आला नाही. आठव्या वर्षी बाईंनी नियम केला. जत्रेच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक चिठ्ठी ढोलात टाकायची. पुढच्या रविवारी सकाळी शाळेच्या अंगणात अल्गारोबोच्या झाडाखाली चिठ्ठ्या मोजायच्या. ज्याचं नाव सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर, त्याला पुढच्या वर्षी शेवटच्या दुपारी मंचावर बसवायचं. फक्त तेवढंच नाव जाहीर करायचं. बाकीच्या चिठ्ठ्यांनी निखारे पेटवायचे आणि त्यावर बोकड भाजून सगळ्यांनी जेवायचं. बोकडाबद्दल मी काही बोलत नाही. माझं एक कातडं त्या घराण्यातलं आहे.

मित्रांनो, पोटात माणसांच्या इच्छा असल्या की झोप लागत नाही. कोणी काय लिहिलं असेल, याचं मला भारी कुतूहल. 'काल तिसरा गायला तोच, पण कमी.' 'दाढीवाला. नाव माहीत नाही. त्याचा घोडा बाहेर बांधला होता.' 'माझी सासू ज्या दिवशी कोर्दोबाला जाईल त्या दिवशी कोणीही चालेल.' एका वर्षी वारलेल्या गवयाचं नाव सगळ्यांत जास्त आलं. नियम म्हणजे नियम. समितीने त्यांना रीतसर पत्र पाठवलं. उत्तर नाही आलं, म्हणजे नकारही नाही, असं धरून त्या दुपारी मंचावर त्यांची खुर्ची मांडली आणि लोक तासभर तिच्यासमोर बसले. उठताना म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा बरं झालं.

पण माझ्या पोटात एक नाव कधीच आलं नाही. ते म्हणजे निकासियो अबरेगो.

दॉन निकासियो आमच्या गावचे व्हायोलिनवाले. कोणाकडे शिकलेले नाहीत. व्हायोलिन छातीला टेकवून वाजवतात. गावातल्या प्रत्येक माणसाच्या लग्नात ते होते, आणि सेल्सो न्हाव्याच्या तर तिन्ही लग्नांत. जत्रेत मात्र ते मंचावर नसत, बाहेर घोडे आणि मोटारी लावतात तिथे उभे राहून वाजवत. कोणी म्हटलं, "दॉन निकासियो, वर चढा ना," तर म्हणत, "बोलावलं की चढेन. चिठ्ठ्यांतून निघालं पाहिजे."

दर वर्षी मोजणीच्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या बाकावर बसत. मांडीवर व्हायोलिनची पेटी. नाव जाहीर झालं, दुसऱ्याचं निघालं, की हळूच विचारत, "बाई, माझं?"

बाई दर वर्षी सांगत, "थोडक्यात हुकलं हो."

त्यांनी हे प्रेमाने सांगितलं, पण घोटाळा तिथेच झाला. अख्ख्या गावाला वाटलं, दॉन निकासियोंना भरपूर चिठ्ठ्या पडतात. मग आपली एकुलती एक चिठ्ठी त्यांच्यावर कशाला घालवायची? ती नवीन माणसाला द्यावी. मी हे संभाषण इतक्या वेळा ऐकलं आहे की मला ते तालात म्हणता येईल.

"तू कोणाला लिहिलंस?"

"लोरेतोच्या भावांना. दोघं मिळून एकच गिटार वाजवतात म्हणे."

"आणि दॉन निकासियो?"

"त्यांना काय, सगळेच लिहितात."

चिठ्ठ्या माझ्या पोटात होत्या आणि त्यांच्या नावाच्या शून्य होत्या. हे मला माहीत होतं आणि बाईंना माहीत होतं. मला तोंडं दोन होती, पण एकातून चिठ्ठ्या जात होत्या आणि दुसऱ्यावर मेंढी होती.

यंदा जत्रेला दॉन निकासियोंची मुलगी मिर्ता ब्वेनोस आयर्सहून आली. आईच्या मागे बाबा एकटे राहतात, शेळ्या विकल्या, गुडघे कुरकुरतात. तिने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. रविवारच्या संध्याकाळच्या बसची दोन तिकिटंही काढली होती. दॉन निकासियो एकदा तिच्याकडे राहून आले होते. सातव्या मजल्यावर ते व्हायोलिन वाजवायला लागले की खालचे लोक झाडूने छत ठोकत, आणि तेही तालात नाही. चौथ्या दिवशी त्यांनी व्हायोलिन पलंगाखाली सारलं ते गावी परत येईपर्यंत काढलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी ते सेल्सोच्या खुर्चीत दाढी करायला बसले आणि म्हणाले, "यंदा नाव निघालं तर जाणार नाही. पुढच्या जानेवारीचं बोलावणं असलं की माणसाला हलता येत नाही, तयारी करावी लागते. नाही निघालं तर मात्र पोरीबरोबर जातो. मग व्हायोलिन इथेच ठेवीन. तिथे त्याला कोण विचारतं."

त्यांची दाढी धुऊन व्हायच्या आत ही बातमी गावभर झाली. मी त्या वेळी दुकानाच्या दारातच होतो, कारण माझ्यावरची धूळ झाडायचं काम सेल्सोकडे आहे. तो ते दाढीच्या ब्रशने करतो. बेकरीवाला एफ्राइन धावत आला.

"ऐकलंस? म्हातारा चाललाय."

"कुठला जातोय. यंदा अख्खं गाव त्यालाच लिहिणार."

"म्हणजे तूही?"

"अख्खं गाव लिहितंय म्हटल्यावर मी आणखी काय लिहू?"

"तेही आहे," एफ्राइन म्हणाला. "पण दुसऱ्या कोणाला लिहिलं तर मनाला लागतं रे."

"मग दुसऱ्याला नको लिहू. सगळ्यांचं तेच माझं, असं लिही."

एफ्राइनला हे फार पटलं. त्याच्याकडे दिवसभरात गावातला प्रत्येक माणूस पाव घ्यायला येतो.

रविवारी सकाळी अंगण भरलं. पहिल्या बाकावर इस्त्रीचा सदरा, शेजारी मिर्ता, तिच्या पायाशी बॅग. बाईंनी मला टेबलावर उपडं केलं आणि चिठ्ठ्या लावायला घेतल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येक ढिगावर त्या एक दगड ठेवतात.

पहिली चिठ्ठी: 'सगळे म्हणतील तो.' दुसरी: 'बाकीच्यांनी लिहिलंय तेच.' तिसरी: 'वरीलप्रमाणे.' मित्रांनो, ढोलात वर काही नसतं. चौथीवर नुसतं 'हो' होतं.

हा ढीग वाढतच गेला. त्यावर आधी एक दगड होता, मग तीन. दुसरा ढीग लोरेतोच्या भावांचा, नऊ चिठ्ठ्या. बाकी एक-दोन किरकोळ. बाईंनी माझ्या आत हात घालून चाचपलं. कोपऱ्यात काही अडकलं असेल असं त्यांना वाटलं असावं. ढोलाला कोपरे नसतात.

त्या उभ्या राहिल्या. "पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "नाव म्हणून पाहिलं तर लोरेतोचे भाऊ. नऊ."

अंगणात कोणी टाळी वाजवली नाही. दॉन निकासियोंनी व्हायोलिनच्या पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाई, माझं?"

"थोडक्यात हुकलं असेल," सेल्सो पटकन म्हणाला.

मिर्ता या गावात वाढली असली तरी मोजणी तिने कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, "थोडक्यात म्हणजे किती? नऊला पहिला नंबर, तर बाबांना आठ का? आणि हा तीन दगडांचा ढीग कसला?"

बाईंनी चष्मा काढला. "मिर्ता, तुझ्या बाबांना यंदा एकही नाही."

मग प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघू लागला. "तू नाही लिहिलंस?" "मला वाटलं तू." "मी तर तुझ्यावर विसंबून होतो." दॉन निकासियो कोणाकडेच बघत नव्हते. ते सदऱ्याचं वरचं बटण काढत होते. उकडत होतं, पण एकवीस वर्षांत मी त्यांना मोजणीत बटण काढताना पाहिलं नव्हतं. मिर्ताने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

बाईंनी तळहात टेबलावर आपटला. दगड उडाले.

"ही 'सगळ्यांचं तेच' वाली चिठ्ठी ज्याची ज्याची असेल, त्याने उभं राहायचं."

त्या आवाजात त्यांनी छत्तीस वर्षं पाढे म्हणवून घेतले होते. माणसं उठली. बासष्ट जण. काहींनी सवयीने हात मागे बांधले.

"चिठ्ठीवर नाव लागतं, असा नियम आहे. तुम्ही 'सगळे' लिहिलंत. तर आता एकेकाने सांगा, सगळे म्हणजे कोण. सेल्सो, तू."

"दॉन निकासियो, बाई."

बाईंनी कागदावर रेघ ओढली. "पुढचा."

"दॉन निकासियो."

"पुढचा."

"वरीलप्रमाणे," एफ्राइन म्हणाला.

"नाव, एफ्राइन."

"निकासियो अबरेगो, बाई. आडनावासकट."

बासष्ट जणांनी बासष्ट वेळा ते नाव घेतलं. मी जत्रेत पुष्कळ ताल वाजवले आहेत, पण एकच नाव इतक्या वेगवेगळ्या घशांतून येताना पहिल्यांदा ऐकलं. विसाव्या वेळेला दॉन निकासियोंनी मान वर केली. चाळिसाव्या वेळेला बटण लावलं. मिर्ताने बॅग केव्हा खाली ठेवली ते माझ्या लक्षात आलं नाही.

"ढिगात त्रेसष्ट चिठ्ठ्या आहेत," बाई म्हणाल्या. "एक उरली. कोणाची?"

लोक मागच्या बाकांकडे बघू लागले. मग पहिल्या बाकावरून दॉन निकासियो उभे राहिले.

"माझी आहे," ते म्हणाले. "लोकांना कोण हवंय ते बघावं, म्हटलं."

"मग तुम्हालाही नाव सांगावं लागेल."

"खरं सांगू? लोरेतोचे भाऊ. दोघं मिळून एक गिटार कशी वाजवतात, ते मला बघायचं होतं."

बाईंनी भावांच्या ढिगावर एक चिठ्ठी वाढवली. बासष्ट विरुद्ध दहा. जाहीर झालं.

"भावांची काळजी नको," सेल्सो म्हणाला. "त्यांना पुढच्या खेपेला सगळेच लिहितील." बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून माझ्यात टाकली. एक वर्ष आधी. ती सध्या माझ्या पोटात आहे. तिच्यावर दोन्ही भावांची नावं आहेत, आडनावासकट, आणि खाली गिटारीचंही.

संध्याकाळच्या बसने मिर्ता एकटीच गेली. दुसरं तिकीट तिने शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि कंडक्टरने ते पंच केलं.

बोकड खाऊन झाल्यावर दॉन निकासियो मला उचलायला बाईंना मदत करायला आले होते. तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, मागच्या वर्षी मला किती कमी पडल्या होत्या?"

बाईंनी मला काखेत धरलं होतं. त्यांचं काळीज मला माझ्या मेंढीच्या बाजूने ऐकू येत होतं.

"तीन," त्या म्हणाल्या.

"मला वाटलंच," दॉन निकासियो म्हणाले, आणि पुढच्या जानेवारीत पहिलं काय वाजवावं याचा विचार करत घरी गेले.

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझ्यावर माते चहाचा पेला ठेवू नका, आणि ओल्या हाताने चिठ्ठी टाकू नका, शाई पसरते. एवढी काळजी घेतलीत तर मी आणखी पुष्कळ वर्षं टिकेन. आणि एखादा माणूस तुम्हाला मनापासून ऐकायचा असेल, तर त्याचं नाव तुम्हीच लिहा. बाकीचे लिहीत नाहीत. मी आतून पाहिलं आहे.